तीन नद्यांची वाट

४ जानेवारी, रविवार

माफ कर. दसऱ्यानंतर तुझं पान उघडलंच नाही. सबबी चार सांगता येतील, पण खरी एकच. लिहायची माझी वेळ पहाटेची, आणि ती पहाट पळण्याने घेतली. शेहेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले म्हटल्यावर ऑफिसात लोक आधी गुडघ्यांची चौकशी करतात. अनंतने मुरलेल्या नवऱ्यासारखं सांगून टाकलं – पळ, पण दार हळू ओढ आणि मला उठवू नको.

आज मात्र लिहायलाच हवं. आज वाट सापडली!

आमचा पळणाऱ्यांचा गट, ‘पहाटपावलं’, दोनशेच्या वर माणसांचा. पण रविवार म्हणजे अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि परत अंबाझरी. कंटाळले होते. म्हणून एकटीच गाडी काढून कामठीला गेले. जुन्या छावणीत चर्चजवळ गाडी लावली. इंग्रजांच्या वेळचे बंगले, त्यांच्याहून जुनी वाटणारी चिंचेची झाडं, रस्त्यावर शुकशुकाट. छावणी संपते तिथून एक कच्चा रस्ता नदीकडे उतरतो आणि मग ————च्या घाटापर्यंत नुसती पायवाट. उजवीकडे कन्हान, डावीकडे बाभळी, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढी जागा. तिकडेच पेंच येऊन मिळते, कोलार येऊन मिळते. कुठलं पाणी कोणाचं, ते पाण्यालाही ठाऊक नसावं. धुकं इतकं खाली होतं की पलीकडचा तीर नव्हताच. एक बगळा माझ्यापुढे उडत-बसत, उडत-बसत बराच लांबपर्यंत आला. पाय आज आपले आपण पळत होते, मी फक्त सोबतीला.

घाटाशी चार-पाच बायका होत्या. एक जण म्हणाली, तो पुढचा दगड हालते वं बाई. मी हात केला आणि दगड चुकवून पुढे गेले.

घरी येऊन वाट पळणाऱ्यांच्या ॲपवर टाकली. नाव दिलं ‘तीन नद्यांची वाट’. खाली लिहिलं – ‘निव्वळ नदी. गाड्या नाहीत, कुत्री नाहीत, माणसं नाहीत.’ वाक्य छान जमलं. दोनदा वाचलं.

७ जानेवारी, बुधवार

माझ्या वाटेला इतके अंगठे आले की अनंत म्हणाला, आता महापालिकेला उभी राहा. आवडलं मला. आवडलं, हे लिहून ठेवते.

११ जानेवारी, रविवार

आज अख्खा गट घेऊन हर्षित आला. हर्षित म्हणजे ‘पहाटपावलं’चा कर्ताधर्ता. सीताबर्डीला बुटांचं दुकान आहे. कॉलेजात असताना म्हणे शंभर किलोंच्या वर होता, पोरं त्याला ‘गोदाम’ म्हणायची. आता सगळ्या शहराला पळवायचं, असं त्याने मनावर घेतलं आहे. माणूस चांगला. नवख्याला शेवटपर्यंत सोबत करतो, मागे राहणाऱ्याला कधी टाकत नाही.

अंधारातच निघालो, कपाळावर दिवे लावून. घाटावर पोहोचलो तेव्हा पाणी नुकतंच तांबूस होऊ लागलं होतं. घाटावर कोणी नव्हतं. पायऱ्या मात्र ओल्या, आणि एका पायरीवर पितळेचा गडू राहिलेला. फोटोत मध्येच दिसतो म्हणून हर्षितने तो पायाने बाजूला सरकवला. मग बराच वेळ फोटो. सगळ्यांचे, मग बायकांचे वेगळे, मग मला मध्ये घेऊन. “तारा ताई, ये तो गोल्ड है गोल्ड!” बावीस फेब्रुवारीला इथेच मोठी दौड घ्यायची असं त्याने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. ‘तीन नदी दौड’. वाट शोधणारी म्हणून टी-शर्टवर माझं नाव.

घरी येईपर्यंत हसून हसून गाल दुखत होते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. ऑफिस. पळणं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

ऑफिसात उशिरा येते म्हणून सांगितलं आणि एकटी गेले. आता वाटतं, गेले नसते तर बरं. छे. गेले तेच बरं झालं.

घाटाच्या अलीकडच्या वळणावर एक साठीची बाई दगडावर बसली होती. नदीकडे पाठ, वाटेकडे तोंड. पहाऱ्याला बसल्यासारखी. मला थांबवलं नाही, पण मी थांबले. दगडाबद्दल सांगणारी तीच होती.

“मांगं किती हाय?” तिने विचारलं.

कोणी नाही, एकटीच आहे म्हटलं. तिला खरं वाटलं नाही. माझ्या खांद्यावरून वळणापर्यंत पाहत राहिली. मग मान न वळवता खाली हाक दिली – निंगा वं बायाओ, बाईच हाय. तेव्हा कुठे बाभळींच्या मागून बायका उतरल्या. एकीच्या केसांतून पाणी गळत होतं, अंगावर कोरडं-ओलं कसंतरी गुंडाळलेलं लुगडं. थंडीने दात वाजत होते तिचे.

तिचं नाव सिंधूताई. तिने जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

उजाडायच्या आधीचा हा वेळ या घाटावर बायकांचा. कोणी ठरवलेला नाही, कुठे लिहिलेला नाही. तिच्या सासूच्या वेळीही होता. गावातले पुरुष त्या वेळी इकडे फिरकत नाहीत. ढोरं घेऊन निघालेला गुराखीसुद्धा लांबून खाकरतो आणि वरच्या अंगाने जातो. घरोघरी नळ आहेत आता. “नुसती आंघोळ करायले नाई येत आमी. आंघोळ तं मोरीतबी होते.”

मग तिने सुनेचं सांगितलं. दीपमाला. लग्न होऊन दोन वर्षं झाली. घरात सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर. डोक्यावरचा पदर पडत नाही, तोंडातून शब्द पडत नाही. इथे आली की हसते. तिचं हसू म्हणे पलीकडच्या तीरावर ऐकू जातं.

मला पहिल्या दिवशी त्यांनी जाऊ दिलं. जाऊ दिलं! मी समजत होते की मी गेले. बाईच तर आहे, एकटी आहे, पळू दे, असं त्या आपसांत बोलल्या होत्या.

आणि मग अकरा तारखेला दिवे आले. बायका हाताला लागेल ते घेऊन बाभळीत शिरल्या. दीपमाला पाण्यात होती, लांब. तिला निघता आलं नाही. लव्हाळ्याआड गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिली, आम्ही जाईपर्यंत. आणि आम्ही जात नव्हतो. फोटो काढत होतो.

“तुमी लय हासून राह्यल्या होत्या त्या दिवशी,” सिंधूताई म्हणाली. रागाने नाही. “मी पाहून राह्यली होती बाभळीतून.”

पोरीला चार दिवस ताप होता. आता ती येत नाही. बाकीच्या अजून अंधारात येतात, एकेक जण आळीपाळीने वळणावर बसते. मी माफी मागितली, तर सिंधूताईने हात उडवला. तुमाले का मालूम, म्हणाली.

पण मला माहीत होतं. त्या बायका मला दिसल्या होत्या. एकीने माझा पाय मुरगळू नये म्हणून दगड दाखवला होता. आणि घरी येऊन मी लिहिलं – माणसं नाहीत. गाड्या मोजल्या, कुत्री मोजली. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं माझं. दुसऱ्याच्या कागदावर असं वाक्य सापडलं असतं तर लाल पेनाने रेघ मारली असती.

संध्याकाळी गटाचा फोटो मोठा करून पाहिला. मी मध्ये, दात दाखवत. माझ्या डाव्या कानाच्या मागे, पाण्यात, लव्हाळ्याजवळ एक काळा ठिपका. आधीही पाहिला होता. दगड समजले होते.

२२ जानेवारी, गुरुवार

ॲपवरून वाट काढून टाकली. काही उपयोग नाही. पन्नासजणांनी उतरवून घेतली आहे, हर्षितने स्वतःच्या नावाने पुन्हा टाकली आहे. गटाच्या पानावरचा तो फोटो काढून टाक म्हणून त्याला निरोप पाठवला. ‘काहून ताई? तुमचा एवढा छान आलाय.’ उत्तर लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. मग ‘मी चांगली दिसत नाही’ असं पाठवलं. हसणारा चेहरा आला त्याचा.

चार तारखेच्या नोंदीतलं गावाचं नाव आज काळ्या पेनाने खोडलं. ही वही कोणी वाचत नाही, तरी.

२३ जानेवारी, शुक्रवार

अनंतला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता वाटाणे सोलायचा थांबला. मग म्हणाला, “कुत्री आहेत म्हण ना. चावरी. एकाला चावलं म्हण. पळणाऱ्याला कुत्रं म्हटलं की विषय संपतो.”

मी म्हटलं, खोटं आहे. तो म्हणाला, कोणाचं नुकसान होतंय? विचार केला. कुत्री म्हटलं तर हर्षित दुसऱ्या दिवशी काठ्या आणि बिस्किटं घेऊन हजर होईल. म्हणजे खोटं चालणारही नाही. पण खरं सांगू का? चालणार असतं तर बोलले असते का? माहीत नाही. अनंत म्हणतो, एवढं तोलू नको, वजनकाटाच मोडेल.

खरं तेच सांगावं. पण आधी त्यांना विचारून.

२५ जानेवारी, रविवार

गट आज अंबाझरीला होता, म्हणून घाटावर गेले. पळत नाही, चालत. वळणाच्या बरीच अलीकडे उभी राहून मोठ्याने खोकले, त्या गुराख्यासारखी. बायका हसल्या. एक म्हणाली, दमा हाय का वं हिले?

विचारलं – मी गटात सांगू का, की हा बायकांचा वेळ आहे, इथे येऊ नका म्हणून?

सिंधूताईने साबणाची वडी खाली ठेवली.

“दोनशे लोकाइले सांगसान, का इथं बाया आंघोळ करते. शंभर नाई येनार. मान्य. बाकीचे शंभर?”

मग नाही सांगत कोणाला, म्हटलं. ती पुढे म्हणाली, आजवर कोणी बोललं नाही म्हणून तर चाललं. बोललं की संपलं.

गाडीत येऊन बसले. चावी हातात, किती तरी वेळ. खोटं बोलवत नाही. खरं बोलायची सोय नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

हर्षितच्या दुकानाच्या माळ्यावर बैठक. बुटांच्या खोक्यांत दहा-बाराजण. भिंतीवर माझ्या वाटेचा नकाशा, निळ्या रेघेत. मध्ये घाटावर लाल खूण – पाणी, केळी, फोटो. गावच्या सरपंचाने परवानगी दिली होती. बदल्यात हर्षित घाटावर दोन दिवे आणि तीन बाक बसवून देणार. त्याला केवढा अभिमान होता त्याचा! गावाला काहीतरी देऊन जायचं ताई, नुसतं पळून नाही जायचं, म्हणाला. सरपंचालाही आनंद झाला म्हणे. बायकांना कोणी विचारलं नव्हतं. दिवे, त्या घाटावर!

मी म्हटलं, तो नदीकाठचा तुकडा वगळा. रस्त्याने न्या.

हर्षितने शांतपणे विचारलं. धोका आहे का? नाही. परवानगीचं काही? नाही. मग?

मग काय सांगू? म्हटलं, कारण आहे, पण मला सांगता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा.

कोणीतरी मागून म्हणालं, त्या वाटेवर मॅडमचा वेळ सगळ्यात कमी, ॲपवर पहिला नंबर आहे, तो जाईल ना. हशा. हर्षित हसला नाही. त्याला लागलं होतं. तो म्हणाला, “ताई, नदी तुमच्या नावावर आहे का?”

नाही, म्हटलं. उठले. जिन्यात त्याने हाक मारली, चहा तरी घेऊन जा. थांबायला हवं होतं. नाही थांबले.

२९ जानेवारी, गुरुवार

लोक भेटल्यावर हसतात. पळताना कोणी शेजारी येत नाही. टी-शर्टवरचं नाव गेलं. ते जाणारच होतं, जायलाच हवं होतं. मग डोळ्यांत पाणी कशाला?

ॲप उघडून खरंच नंबर पाहिला. ॲपवर अजून पहिलाच आहे. आणि तो जाईल याचं वाईट वाटलं. म्हणजे मागून बोलणाराचं अगदीच खोटं नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

दुसरी नदी शोधायची ठरवलं. हर्षितच्या हातात बदली वाट दिली की कारण द्यावं लागणार नाही.

काल कोलारकाठी गेले. सुरुवात इतकी सुरेख की आनंदाने ओरडावंसं वाटलं. संत्र्याची एक बाग अगदी पाण्यापर्यंत उतरलेली, खंड्या पक्षी, वाळूत रात्रीची कोल्ह्याची पावलं. मग वळण, मग वीटभट्टी, मग काटेरी तारेचं कुंपण. आज पेंचच्या कालव्याने गेले. सरळ, गुळगुळीत, दोन्हीकडे हरभरा. पण कालवा तो. पाणी कवायतीला निघाल्यासारखं जातं.

परत येताना चिडून नाग नदीकाठीही पळून घेतलं. शहराला नाव दिलं बिचारीने, आणि आपण तिला काय दिलं! नाकाला रुमाल लावून पळाले. एक म्हातारेबुवा कठड्यावर बसले होते. म्हणाले, जल्दी जा बेटा, पुढे यापेक्षा जास्त हाय.

तिन्ही वाटा हर्षितला पाठवल्या. उत्तर – ‘थँक यू ताई. पण यात ती नदी कुठाय?’

खरं आहे. ती नदी नाही यात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घाटावर. सांगायला गेले की माझ्याने झालं नाही. बावीसला पाचशे माणसं येतील. त्याआधी या रविवारी मोठी चाचणी आहे. आणि मग दिवे लागतील, कायमचे.

दीपमाला आली होती. आज पहिल्यांदा पाहिली. बारीक, मोठ्या दातांची, पंचविशीची. आधी पाठ करून बसली. मग माझ्या घट्ट पळायच्या विजारीकडे पाहून सिंधूताईच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी अशा हसल्या की बाकीच्यांनाही कारण न कळता हसू फुटलं. शेवटी कळलं. ती म्हणाली होती, बाईनं सालपटच काढून घेतलं पायाचं. तिचं हसू खरंच लांब जातं.

मग धीर करून मलाच विचारलं, “तुमी पळता काहून? मांगं कोन लागते?”

कोणी नाही, म्हटलं. मग काहून? वजन, साखर, सगळं आठवलं आणि सगळं उगाच वाटलं. म्हटलं, घरात सगळे झोपलेले असतात, तेव्हा तेवढा वेळ माझा असतो.

“हं,” ती म्हणाली आणि वेणी घालू लागली. जणू मी अगदीच साधी गोष्ट सांगितली.

निघताना सिंधूताई एवढंच म्हणाली, राहू दे, तुनं सांगून पाह्यलं ना. रविवारी किती वाजता येतील तेवढं विचारून ठेवलं तिने. मी सांगितलं. तिने मला प्रथमच ‘तू’ म्हटलं, हे आता लिहिताना लक्षात आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. मला बोलावलं नव्हतं, पण काल हर्षितचा फोन आला. वाटेतले हलणारे दगड तुम्हालाच माहीत ताई, पुढे राहा, कोणाचा पाय जायला नको. नाही म्हणणार होते. मग वाटलं, मी पुढे असले तर निदान वळणावर मोठ्याने खोकता येईल. गेले. स्वतःला फितूर म्हणत गेले.

वळणावर खोकले. इतकं खोकले की हर्षितने पाण्याची बाटली दिली.

आणि वळलो – तर वाटच नव्हती!

बाभळीपासून पाण्यापर्यंत, या टोकापासून घाटापर्यंत गोधड्या पसरल्या होत्या. ओल्या, जड, लाल-हिरव्या-जांभळ्या, जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या. एकीला एक लावून. बोट ठेवायला जागा नाही. घाटावर गावातल्या सगळ्या बायका, झाडून सगळ्या, अंगभर कपड्यांत, पदर खोचून, पाण्यात उभ्या राहून आणखी गोधड्या आपटत होत्या. धप्प, धप्प. कपाळांवरच्या दिव्यांचा उजेड पडला, तर एकीनेही मान वर केली नाही. थंडी सरते आहे, धुऊन ठेवायचे दिवसच आहेत. कोण काय बोलणार?

हर्षित थांबला. मागचे पन्नासजण एकमेकांवर आदळत थांबले. त्याने फार नम्रपणे विचारलं, मावशी, जरा बाजूला घेता का? सिंधूताई म्हणाली, वाळल्या का घेतो. कधी वाळतील? ऊन पडल तवा. सूर्य अजून उगवायचा होता.

एका बाजूला काटे, दुसऱ्या बाजूला पाणी. एका उंच मुलाने अंदाज घेतला, दोन पावलांत उडी मारून जाईन म्हणाला, आणि पाय उचलला.

“लेकराच्या अंगावरची हाय, बाप्पा,” सिंधूताई म्हणाली. आवाज चढवला नाही. “देतो का पाय?”

त्याने पाय खाली ठेवला. मागे. कोणीच पुढे गेलं नाही. जाईल कसं? लेकराच्या पांघरुणावर बुटाचा पाय कोण देईल?

सिंधूताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. ओळख दाखवली नाही. मीही नाही.

परतताना कोणीतरी चिडून माझ्याकडे पाहत म्हणालं, मॅडमना माहीत असेल. मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण गाडीत बसल्यावर इतकी हसले की रडले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हर्षित काल आणि आज एकटा जाऊन आला. दोन्ही दिवस गोधड्या. सरपंचाला म्हटलं तर तो म्हणाला, बायकांच्या धुण्यात मी कसा पडू गा, मला घरी जेवायचं आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी हर्षित घरी आला. दुकान सोडून, न सांगता. अनंतने चहा टाकला आणि आत निघून गेला.

बराच वेळ बुटांबद्दल बोलला. मग म्हणाला, रोज त्याच वेळी कोण गोधड्या धुतं ताई? मग खाली बघत विचारलं, “त्या अकरा तारखेला... आपण फोटो काढला, तेव्हा तिथे कोणी होतं का?”

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. चहाच्या कपाचा कान धरून बसून राहिले. सांगणार नाही असं कबूल केलं होतं, आणि सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर काहीतरी असेलच. त्याने फोन काढला, गटाच्या पानावरून तो फोटो काढून टाकला. मग स्वतःच्या फोनमधून. मग म्हणाला, तुमच्याही फोनमधून काढा ताई.

दुकानात जे बोललो ते – एवढंच म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. मी पुरं करू दिलं नाही.

दौड मात्र त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेली नाही. पैसे देणाऱ्या कंपनीला तीच नदी हवी आहे. त्यांची माणसं शुक्रवारी पहाटे वाट पाहायला येणार. कारण न देता त्याने बदला म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, आणि कारण तो देणार नाही, हे हर्षित स्वतःच म्हणाला. ‘मी देणार नाही’, असं.

दारात बूट चढवताना म्हणाला, “शुक्रवारी वाट बंद दिसली, तर मग त्यांना रस्त्याने वळवावंच लागेल. दिवेही मग चौकातच लावायचे. दिसली तर.”

आणि खाली जाता जाता जिन्यातून पुन्हा एकदा – पूर्ण बंद दिसली तर, ताई.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे घाटावर जाऊन शुक्रवारचं सांगितलं, माझा नंबरही देऊन आले. दुपारी सिंधूताईचा फोन. ऑफिसात होते, बाहेर जाऊन घेतला. गावातल्या गोधड्या रोज धुऊन फाटायला आल्या, निम्म्या अजून ओल्या आहेत, रात्री घरातले लोक कुडकुडून शिव्या घालतात. वरच्या टोकाला चार-पाच हात जागा उघडी राहणार. तिने मदत मागितली नाही. एवढंच विचारलं – तुह्या घरी हाय का वं?

पळायचा गजर बंद केला. आमच्या गोधड्या तशाही धुवायला झाल्या आहेत, हे अनंतला विचारून खात्री करून घेतली. तो म्हणाला, नसतील तर मळवून देतो.

उद्या – माळ्यावरच्या चारही गोधड्या अंधारातच गाडीत टाकणे.